सावरीचा उत्तरार्ध

मौन हा सर्व संगीताचा आत्मा आहे. हे वाक्य मी नोकरीत कितीतरी वेळा लिहिलं. कधी इंग्रजीतून हिंदीत आणलं, कधी हिंदीतून इंग्रजीत नेलं. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अनुवादक होते, आणि मोठ्या माणसांची भाषणं माझ्या टेबलावरून जात. जलसंधारणाच्या एका भाषणातही हे वाक्य मला भेटलं होतं. तिथे संगीताच्या जागी निसर्ग होता. माझा अनुभव असा, की मौनाची थोरवी सांगणारा माणूस त्यानंतर निदान अर्धा तास बोलतो.

आज हे आठवायचं कारण काटेसावर. निवृत्तीनंतर मी दिल्लीला लागून असलेल्या इंदिरापुरममध्ये राहते. आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर सावरीचं एक झाड आहे, आणि फाल्गुनात त्याची फुलं खाली येतात. येतात म्हणजे पारिजातकासारखी अलगद येत नाहीत. सावरीचं फूल जाड, मांसल, चांगलं वजनदार असतं. ते थप् करून पडतं, एखाद्याने ओला टॉवेल जमिनीवर टाकावा तसं. खाली लावलेल्या गाड्यांचे मालक रोज सकाळी झाडाला शिव्या घालतात. मी सकाळी दूध आणायला जाते, वाटेत एक थप् ऐकू येतं, आणि माझा दिवस बिघडतो.

दिल्लीचा वसंत जरा सरकारी पद्धतीचा आहे. जुनी फाइल बंद न करताच नवी उघडतो. एकीकडे सावर लालभडक पेटलेली, त्याच रस्त्यावर कडुनिंब पानं गाळत उभा. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा. परीक्षा जवळ आलेल्या, आणि विद्यापीठांमध्ये उरलेला निधी मार्चअखेर संपवायचा म्हणून समारंभांची घाई. ज्या फाल्गुनाबद्दल मी लिहिते आहे त्याला दहाएक वर्षं झाली. राग जुना झाला की लोक त्याला आठवण म्हणू लागतात. माझा अजून रागच आहे.

तेव्हा मी दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते. भावाची बदली गुवाहाटीला झाली होती, म्हणून त्याची मुलगी रूथ माझ्याकडे होती. ती इथल्या एका विद्यापीठात संगीतरचना शिकत होती. आमचं घर मूळचं नगरचं, ख्रिस्ती. रविवारच्या उपासनेत चार वेगवेगळे आवाज एकमेकांत गुंफून गाण्याची सवय आम्हाला लहानपणापासून. रूथ सहा-सात वर्षांची असताना माझ्याशेजारी उभी राहून खालचा सूर धरायची, आणि शेजारच्या बाईंचा सूर घसरला की त्यांच्याकडे इतक्या दुःखाने बघायची, की त्या बाई पुढे जागा बदलून बसू लागल्या.

पण लिहिणं वेगळं. रूथच्या वर्गातली सगळी मुलं संगणकावर रचना लिहीत, आणि संगणकच ती वाजवून दाखवी. संगणकाचं व्हायोलिन कधी दमत नाही, कधी श्वास घेत नाही आणि कधी विचारत नाही की ही जागा अशी का लिहिली आहेस. दोन वर्षं ही मुलं संगीत लिहीत होती, आणि आपलं लिहिलेलं एक ओळभरसुद्धा जिवंत माणसाच्या हातून त्यांनी ऐकलं नव्हतं. स्वयंपाक शिकवायचा आणि वास फक्त फोटोचा घ्यायचा, त्यातला प्रकार.

त्या वर्षी विद्यापीठाने चार वादक बोलावले. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. चौघंही वर्षानुवर्षं हेच करून पोट भरणारे. त्यांनी तीन महिने विद्यापीठाच्या अतिथिगृहात राहायचं, विद्यार्थ्यांच्या नव्या रचना बसवायच्या, आणि शेवटी जाहीर कार्यक्रमात वाजवायच्या. त्यांना 'निवासी कलाकार' असं नाव होतं. सरोजिनी नगरात आम्हीही निवासीच होतो. त्या शब्दाचा खरा अर्थ आम्हाला ठाऊक होता. निवासी म्हणजे ज्याला घर दिलेलं असतं आणि ज्याच्याकडून ते कधीही परत मागता येतं.

सुरुवात मात्र फार सुंदर झाली. पहिल्या तालमीनंतर रूथ घरी आली ती बूट न काढताच स्वयंपाकघरात आली.

"आत्या, यार, ते विचारतात!"

"कोण काय विचारतं?"

"तपतीदी. चेलोवाल्या. माझी एक ओळ वाजवली, थांबल्या, म्हणाल्या, हे तुला रागाने हवंय की थकून? मला माहीतच नव्हतं ना! मी म्हटलं, थकून. मग त्यांनी परत वाजवलं, आणि सच्ची, आत्या, ते थकलेलं होतं."

तपतीदी कोलकात्याच्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, आणि चेलो उचलताना कोणालाही मदत करू न देणाऱ्या. पुढे एकदा आमच्याकडे जेवायला आल्या तेव्हा माझ्या आमटीचा भुरका मारून म्हणाल्या, "इसमें मछली होती तो मैं यहीं रह जाती."

रूथची रचना एका झाडावरून आली. आमच्या क्वार्टरमागच्या मोकळ्या जागेत सावरीचं जुनं झाड होतं. रूथ त्याला सेमल म्हणायची. दिल्लीत वाढलेल्या मुलांचे मराठी शब्द असे एकेक करून गळतात. मी सावर म्हणाले तेव्हा तिने तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवला आणि रचनेला तेच नाव दिलं. मग रोज सकाळी फोन समोर धरून ती झाडाखाली उभी राहायची, फूल पडण्याचा आवाज टिपायला. वरच्या मजल्यावरच्या त्यागी आंटींनी चार दिवस हे पाहिलं, आणि पाचव्या दिवशी न राहवून गॅलरीतून विचारलं, "बेटा, किसका फोन आने वाला है?"

फूल काही सांगून पडत नाही. आपण वाट बघतो, मान अवघडते, कावळे येऊन मध खाऊन जातात, काहीच होत नाही. आणि आता चला म्हणून वळलं की मागे थप्. रूथला नेमकं तेच लिहायचं होतं. थप् नव्हे, त्याआधीची वाट. तिची रचना पंधराएक मिनिटांची होती. पूर्वार्ध चढत चढत जायचा, चौघंही अगदी टोकाला पोचायचे, आणि तिथे सगळं थांबायचं. पूर्ण शांतता. मग चेलोवर बोटाने छेडलेला एकच खोल स्वर, फूल पडल्यासारखा, आणि तिथून उत्तरार्ध. ती म्हणायची की खरी रचना उत्तरार्धात आहे. पूर्वार्ध म्हणजे नुसतं मान वर करून उभं राहणं.

एका तालमीला मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून गेले. तपतीदींनी त्या जागेवर पेन्सिल ठेवली.

"यहाँ कितना रुकना है?"

"फूल गिरने तक," रूथ म्हणाली.

पहिलं व्हायोलिन वाजवणारे गोव्याचे फर्नांडिस म्हणून गृहस्थ होते. ते गंभीरपणे म्हणाले, "और फूल छुट्टी पर हो तो?"

सगळे हसले. पण तपतीदींनी ते हसण्यावारी नेलं नाही. त्यांच्या धंद्यात यासाठी एक साधा नियम आहे, तो त्यांनी रूथला समजावला. गज तारांवरून उचलला आणि हवेत धरून ठेवला, तर संगीत चालू आहे. गज खाली आणून मांडीवर ठेवला, की संपलं. "जब तक मेरा हाथ ऊपर है, तब तक सब तुम्हारा है," त्या म्हणाल्या. रूथने मान हलवली, आणि मी पाहिलं, की तिचे डोळे भरून आले होते. तीन शब्दांत सांगायचं तर आत्तापर्यंत तिला असं कोणी काही दिलं नव्हतं. तीन शब्दांत बसलं नाही, पण असू दे.

त्यानंतर विद्यापीठाला चौघांचा उपयोग कळला.

कुलगुरूंच्या बंगल्यावर जेवण होतं, तिथे पार्श्वसंगीत हवं होतं. एक अधिकारी निवृत्त होत होते, त्यांना निरोप द्यायचा होता. फेब्रुवारीअखेर विद्यापीठाच्या बागेत फुलांचं प्रदर्शन भरतं. तिथे डेलियाच्या कुंड्यांमागे चौघांना तीन दिवस बसवलं. फर्नांडिस मला नंतर म्हणाले की एका बाईंनी त्यांना विचारलं होतं, "ये कौन सी वैरायटी है?" त्या डेलियाबद्दल विचारत होत्या, हे त्यांना थोड्या वेळाने कळलं. अशा प्रत्येक बोलावण्यात एकेक तालीम गेली. शेवटी मुलांच्या रचना तुकड्यातुकड्यांत बसल्या. रूथचा पूर्वार्ध एका दिवशी, उत्तरार्धातल्या अवघड जागा दुसऱ्या दिवशी, कधी नुसता चेलो, कधी नुसती दोन व्हायोलिनं. सगळी रचना सलग वाजणार होती ती थेट कार्यक्रमातच.

"चालेल ना गं?" मी विचारलं.

"अच्छा है ना, आत्या. मीपण पहिल्यांदाच ऐकेन. सगळ्यांच्या बरोबर."

तिला एकच धास्ती होती, त्या शांततेची. लोक टाळ्या वाजवतील. म्हणून ती विभागप्रमुखांकडे गेली आणि म्हणाली, कार्यक्रमाच्या पत्रिकेत एक ओळ छापा, की मध्ये विराम आहे. पत्रिका आधीच छापून झाली होती. तिच्यात पाच मान्यवरांचे संदेश होते, फोटोंसहित. रचनाकार मुलांची नावं मागच्या पानावर, छापखान्याच्या नावाच्या जरा वर. मग रूथ म्हणाली, निदान सूत्रसंचालिकेला सांगायला लावा, की कृपया शेवट होईपर्यंत टाळ्या वाजवू नका.

विभागप्रमुख स्वतः संगीतातले डॉक्टर. त्यांनी चष्मा काढला. "बेटा, मुख्य अतिथि को हम यह कैसे बता सकते हैं कि ताली कब बजानी है? बुरा लगता है."

हे वाक्य रूथने घरी येऊन मला सांगितलं तेव्हा मी पोळ्या करत होते. पोळी करपली. मला ते वाक्य समजत नव्हतं असं नाही. मला ते फार चांगलं समजत होतं. मी आयुष्यभर अशाच वाक्यांच्या इमारतीत काम केलं होतं. मोठ्या माणसाला माहीत नाही असं या जगात काही असू शकतं, हे त्याच्यासमोर उच्चारायचं नसतं. मग तो मोठा माणूस त्याच अज्ञानासकट पुढच्या रांगेत मधोमध बसतो, आणि बाकीचं सभागृह त्याच्या हातांकडे बघत राहतं.

कार्यक्रम दुपारचा होता. रूथने माझी निळी इरकल नेसली होती, आणि ती सारखी पायात येत होती. मुख्य अतिथी उशिरा आले. ते येईपर्यंत वादक मंचामागे वाद्यं जुळवत बसले, दुपार तापली तशी तार उतरायची, परत जुळवायचे. मग दीपप्रज्वलन झालं. पंख्यामुळे वात विझत होती, पंखा बंद करावा तर मान्यवरांना घाम, म्हणून एक कर्मचारी पत्रिका आडवी धरून उभा राहिला. त्या पत्रिकेचा तेवढा एक उपयोग माझ्या नजरेस पडला. स्वागत झालं, शाली झाल्या, स्मृतिचिन्हं झाली. मग मुख्य अतिथी बोलायला उभे राहिले, आणि त्यांनी पहिलंच वाक्य म्हटलं ते हे: मौन हा सर्व संगीताचा आत्मा आहे.

मी हातातल्या पर्समध्ये तोंड खुपसून खोकले.

चार मुलांच्या रचना होत्या. वेळ कमी राहिला म्हणून दोन पुढे ढकलल्या. पुढे म्हणजे कुठे, ते कोणी सांगितलं नाही. त्यातल्या एका मुलाचे आईवडील त्याच्यासाठी कानपूरहून आले होते. रूथची दुसरी होती.

पूर्वार्ध मी आजही बऱ्यापैकी आठवू शकते. कोरडा, वर वर जाणारा, सकाळी अकराच्या उन्हासारखा. माझ्या पुढे एक गृहस्थ फोनवर क्रिकेट बघत होते, त्यांनीही मान वर केली. चौघं टोकाला पोचले, आणि थांबले. चार गज हवेत. सभागृहात शांतता पसरली, खरोखरची, आणि मला त्या शांततेत आमचं झाड दिसलं. रूथ माझ्याशेजारी बसली होती, तिने माझं मनगट धरलं. फूल पडायचं होतं.

मुख्य अतिथींनी टाळी वाजवली.

मग कुलगुरूंनी वाजवली. मग विभागप्रमुखांनी, ज्यांना माहीत होतं. मग सगळ्यांनी. "अरे, अभी है," रूथ म्हणाली, पण ते माझ्याशिवाय कोणाला ऐकू गेलं नाही. सूत्रसंचालिका ध्वनिक्षेपकाकडे धावत आली, "वाह, वाह, क्या बात है!" आणि बाजूच्या दारातून पुष्पगुच्छ घेतलेल्या मुली निघाल्या, कारण त्यांना टाळ्या ऐकल्या की निघा असं सांगितलं होतं.

तपतीदींनी गज खाली आणला नाही. फर्नांडिसांनीही नाही. चौघंही तसेच बसून राहिले, हात वर, तोंडं दगडासारखी. मला वाटलं कोणीतरी विचारेल, ही माणसं अशी का बसली आहेत? कोणी विचारलं नाही. एका मुलीने तपतीदींच्या मांडीवर गुच्छ ठेवला. विभागप्रमुखांनी शाल उलगडली, आणि तपतीदींचा एक हात चेलोभोवती व दुसरा हवेत असल्यामुळे खांदा काही सापडेना, तेव्हा त्यांनी ती चेलोच्या मानेवर पांघरली. छायाचित्रकाराने तेवढ्यात फोटो घेतला. सत्कार झाला तो चेलोचा.

रूथ उठून मंचाजवळ गेली. इरकल पायात आली, ती सावरून गेली. "सर, अभी आधा बाकी है," ती म्हणाली, आता मोठ्याने.

"हाँ हाँ, बेटा. पहले फोटो."

फोटो झाल्यावर ती परत गेली. "चाय के बाद," ते म्हणाले. "अतिथि को जाना है ना."

चहा बाहेर मांडवात होता. समोसे होते, पनीरचे पकोडे होते, आणि मान्यवर मौनाबद्दल बोलत होते. चौघांनी चहा घेतला नाही. वाद्यं बाहेर काढलेलीच ठेवून ते आत मंचावर बसून राहिले. "हम रुके हैं. श्रोता नहीं चाहिए. ये लड़की सुन ले, बस," तपतीदींनी मला सांगितलं. पण तेवढ्यात सभागृहाचा ताबा दुसऱ्या विभागाकडे गेला होता. दुसऱ्या दिवशीपासून तिथे परीक्षा होती. बाकं आत येऊ लागली, ओढत, किंचाळत. एक माणूस मंचावर आला आणि चौघांना म्हणाला, कुर्सियाँ चाहिए. ज्या खुर्च्यांवर ते बसले होते त्या.

चौघं त्याच संध्याकाळी आपापल्या गावी गेले. अतिथिगृहातल्या खोल्या परीक्षकांसाठी लागणार होत्या. जाताना तपतीदींनी रूथला जवळ घेतलं आणि म्हणाल्या की मी हे वाजवीन, कुठेतरी वाजवीनच. त्यांनी प्रयत्न केला असणार. चौघांना पुन्हा एकत्र आणायचं तर कोणीतरी निवास द्यायला हवा.

मी विभागप्रमुखांना गाठलं. रागात मी चांगलं हिंदी बोलते. तीस वर्षांच्या नोकरीची ती एकमेव कमाई. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं, मग तुम्ही टाळी का वाजवलीत? त्यांनी माझ्याकडे मनापासून आश्चर्याने पाहिलं. "मैडम, सब बजा रहे थे." यात खोटं काही नव्हतं. हेच मला आजही सहन होत नाही. तो माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं. तिथे दुष्ट कोणीच नव्हतं. सगळे सभ्य, सगळे वेळेचं भान असलेले, आणि त्यांनी मिळून वीस वर्षांच्या एका मुलीच्या तोंडावर हात ठेवला आणि तिचंच अभिनंदन केलं.

ऑटोत रूथ रडली नाही. बसस्टॉपपाशी सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "आत्या, त्यांना आवडलं पण." मग जरा वेळाने, "शायद इतकंच पुरेसं होतं." ही शेवटची ओळ ऐकून मला जो राग आला तो गेलेला नाही. रचना अर्धी तोडली ते एक. पण तिला स्वतःलाच वाटू लागलं, की उरलेला अर्धा जास्तीचा होता.

ती क्वार्टरं आता नाहीत. पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या. आमचं झाडही गेलं. त्याचा आवाज रूथच्या एका जुन्या फोनमध्ये आहे, आणि तो फोन चालू होत नाही. त्यागी आंटी दिल्लीतच रोहिणी भागात मुलाकडे गेल्या. मी जिथे जिथे सावर पाहते तिथे जरा थांबते, मान वर करून, आणि गाडीवाले मला विचारतात, आंटी, कुछ खो गया क्या?

रूथ गुरुग्राममध्ये एका कंपनीत आहे. जाहिरातींच्या, अॅपच्या, लिफ्टच्या धुना करते. चांगला पगार आहे, चांगला नवरा आहे. रविवारी येते, आमटी खाते, आणि 'सावर' हा शब्द काढला की मिक्सर चालू करते.

गेल्या आठवड्यात गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला मी एका मोठ्या खासगी दवाखान्याच्या हेल्पलाइनला फोन केला. आपका कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है, असं सांगून त्यांनी एक धून लावली. व्हायोलिनसारखं काहीतरी, संगणकाचं, न दमणारं. सुरुवातीला एक खोल स्वर, छेडलेला, आणि त्यातून हळूहळू उलगडत जाणारं असं काही, की मी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

रविवारी मी रूथला विचारलं. तिने मिक्सर बंद केला.

"हो, तेच आहे. उत्तरार्ध. पडूनच होता ना, यार."

"आणि ती आधीची शांतता?"

"ती काढायला लावली. क्लायंट म्हणाला, लोकांना वाटतं फोन कटला."

सोमवारी मी पुन्हा फोन केला. उत्तरार्ध पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. मध्ये कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. तो संपला, परत सुरू झाला, परत संपला, आणि मग एका मुलाने फोन उचलून विचारलं की मी आपली काय मदत करू शकतो. मी म्हटलं, डावा गुडघा.